खंडागळ्यांचा हत्ती

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ती कल्पना. गावातला तंटा गावातच मिटवायचा, ठाण्याची आणि कोर्टाची पायरी चढायची नाही, आणि गाव तंटामुक्त ठरलं की लोकसंख्येच्या हिशेबानं रोख बक्षीस घ्यायचं. गावाच्या तंटामुक्ती समितीकडं तंट्यांची रीतसर वर्गवारी होती: दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर. बांध कोरला, भावानं वाटा दिला नाही, पोळ्याला बैल पुढं कोणाचा यावरून डोकं फुटलं, सगळ्याला एकेक रकाना. पण पंखा दोनवर ठेवायचा की चारवर, आणि ओला टॉवेल कॉटवर कोणी टाकला, यावरून घरोघर जे चालतं ते 'इतर'मध्येसुद्धा बसत नाही. राज्यातल्या तंट्यांचा सगळ्यात मोठा साठा असा नोंदीबाहेरच राहून गेला.

चिखलीकडच्या एका गावातले समितीचे माजी अध्यक्ष माझ्या ओळखीचे आहेत. मुत्सद्दी माणूस. विहिरीच्या पाळीवरून वर्षानुवर्षं न बोललेले भाऊ त्यांनी मारुतीच्या पारावर समोरासमोर बसवले आणि चहा पाजून उठवले. दोघंही आपणच जिंकलो अशा थाटात घरी गेले. ही विद्या सोपी नाही. हाच माणूस एकदा बाजारातून घरी आला तेव्हा मी ओसरीवर बसलो होतो.

"गोबी आनली का?"

"तू तं मेथी म्हनली होती."

"मी? मेथी कोनाले पाह्यजे होती? परवाच तं मेथी झाली."

"परवा पालक होती."

"हो, मलेच समजत नाही मी काय रांधलं ते."

इथवर विषय भाजीचा होता. या वाक्यासरशी भाजी संपली आणि नणंदेच्या लग्नातल्या साड्या निघाल्या. साड्यांवरून गाडी अध्यक्षांच्या धाकट्या भावाकडं गेली, तिथून घराच्या वाटणीकडं, आणि बऱ्याच वेळानं ती परत फिरली ती या मुक्कामावर: "गावाचे तंटे मिटवता, अन् घरातला एक निरोप तुमच्यानं धरवत नाही."

अध्यक्षांची बायको आत गेल्यावर मी त्यांना हळूच विचारलं, तुमची ती पारावरची विद्या इथं का चालत नाही? ते म्हणाले, "भाऊ, पारावर दोन पार्ट्या असतात अन् मी मधात असतो. इथं मीच एक पार्टी आहो."

यापेक्षा नेमकं निदान मी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही. घरात मधला माणूस नसतो. मुलं असतात, पण अशा वेळी त्यांना अचानक अभ्यास आठवतो. सासू असते, पण तिचा निकाल सुनावणीआधीच लागलेला असतो. मग मधल्या माणसाचं काम करायचं कोणी? माझं म्हणणं असं आहे की ते वेळेकडं सोपवावं. क्षुल्लक भांडणं खरं तर घटकेची असतात. चुकीच्या घटकेला दोन माणसं एका खोलीत सापडतात, आणि विषय हाताशी जो असेल तो घेतला जातो. त्या दिवशी मेथी होती.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर अशा विषयांची सोय सोयरीक जुळवतानाच होऊन जाते. जिल्हा तेरा तालुक्यांचा. मधून अजिंठ्याची डोंगररांग गेल्यामुळं त्याचे दोन भाग पडलेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. वरच्यांना खालचा उन्हाळा सोसत नाही. खालच्या बोलीत खानदेश मिसळलेला, वरच्या बोलीला मराठवाड्याचा शेजार. जिल्ह्याच्या राजकारणातसुद्धा घाटावर किती आणि घाटाखाली किती हा हिशेब होतो, तर स्वयंपाकघरात का होऊ नये?

घाटावरची लेक घाटाखाली दिली की पहिला खटका बहुधा डाळीवरून उडतो. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथं जमिनीखालचं पाणी खारट आणि जड. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट धरून बसतं आणि दाणा मऊ होऊ देत नाही. ही झाली रसायनशास्त्राची बाजू. घरात ती अशी दिसते: कुकरच्या सहा शिट्ट्या होतात, तरी डाळ बोटाखाली टणक लागते, आणि नवरा पहिल्या घासाला विचारतो, "डाळ कच्ची राह्यली का वं?" यात वाईट काही नाही, साधी चौकशी आहे. ती म्हणते, "आमच्या घरी तं तीन शिट्ट्यांत होते." यातही खोटं काही नाही, वरच्या पाण्यात खरंच होते. पण 'आमच्या घरी' हे दोन शब्द माजघर ओलांडून सासूबाईंच्या कानावर जातात. तिथून प्रश्न येतो, "मंग हे घर कोनाचं हाय?" यानंतर डाळ निवत जाते आणि माणसं तापत जातात. या खटल्यातला खरा आरोपी कॅल्शियम. त्याला आजवर कोणी जाब विचारल्याचं ऐकिवात नाही.

शहरातले समुपदेशक अशा शब्दांना ट्रिगर म्हणतात. प्रत्येक घराचा आपापला साठा असतो. 'आमच्या घरी', 'तुह्या मायसारखं', 'जाऊ दे, तुले नाही समजत', 'तुमच्यापेक्षा तुमचा भाऊ बरा', हे तर सगळीकडं चालतात. नवऱ्यानं बायकोला 'घाटाखालची' म्हणणं हा मी आमच्या जिल्ह्यापुरता दखलपात्र गुन्हा धरतो. हे शब्द ओळखा आणि टाळा, असा सल्ला मिळतो. सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे. एक अक्षर न बोलता ताट सरकवता येतं, आणि त्या आवाजात वरचे सगळे शब्द मावतात. शिवाय तोच शब्द सकाळी न्याहारीनंतर कानावरून जातो आणि संध्याकाळी सातला काळजात जातो. तेव्हा शब्दांपेक्षा घड्याळाकडं लक्ष द्यावं हे बरं.

या घड्याळाचा पहिला काटा पोटात असतो. २०१४ साली अमेरिकेत ब्रॅड बुशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०७ विवाहित जोडप्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाला एक बाहुली दिली आणि ५१ टाचण्या. बाहुली म्हणजे आपला जोडीदार समजायचा. रोज रात्री, जोडीदार जवळ नसताना, त्याच्यावर जेवढा राग असेल तेवढ्या टाचण्या बाहुलीला टोचायच्या. असं २१ दिवस. सोबत सकाळी आणि रात्री रक्तातली साखर मोजायची. दिसलं असं की ज्यांची रात्रीची साखर कमी, त्यांच्या बाहुलीला टाचण्या जास्त.

हे वाचून आमच्याकडची कोणतीही म्हातारी म्हणेल, यात काय नवल, "आंधी जेवू दे त्याले, मंग सांग." बरोबर आहे. पण हा सल्ला ती सुनेला देते. सून जेवली का, हे तिनं विचारलेलं नसतं. बुशमन यांच्या प्रयोगात टाचण्या दोघांच्याही हातात होत्या, हा फरक मला फार मोलाचा वाटतो. जी बाई नोकरीवरून किंवा निंदणावरून येते, उपाशीपोटी चूल पेटवते, सगळ्यांना वाढते आणि शेवटी बसते, तिच्या बाहुलीची अवस्था काय असेल हे सांगायला ग्लुकोमीटर लागत नाही. तेव्हा घरातलं पहिलं कलम असं असावं की जी रांधते तिनं रांधताना काहीतरी तोंडात टाकावं, आणि बाकीच्यांनी ते बघून न बघितल्यासारखं करावं. गुरुवार, चतुर्थी आणि श्रावणी सोमवार धरणाऱ्या घरांत उपास सुटेपर्यंत कोणतंही घरगुती धोरण ठरवू नये. शेगावच्या दर्शनाला निघालेल्यांनी तर आधी स्टेशनबाहेर कचोरी खावी आणि मगच 'तुमच्या बहिणीनं काय केलं' हा विषय काढावा. गरम कचोरी हातात असताना तो विषय निघत नाही असा माझा अनुभव आहे. हात रिकामे नसतात.

दुसरी घटका बाजार समितीतून परतण्याची. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात माल चार हजारांच्या आगेमागे चालला होता. माणूस गाडी भरून नेतो. तिथं ओलावा जास्त निघतो, काडीकचरा निघतो, भाव आणखी उतरतो. तिथं त्याला काही बोलता येत नाही. हमाली, तोलाई कापून हिशेबाची पट्टी हातात येते, ती घडी घालून तो खिशात ठेवतो, घरी येतो आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणतो, "साखर कमी झाली." क्विंटलमागं गेलेले आठ-नऊशे रुपये तो आता चमचाभर साखरेतून वसूल करायला निघालेला असतो. बायकोला त्या पट्टीची काही कल्पना नसते. तिला वाटतं विषय साखरेचा आहे, म्हणून ती साखरेवर उत्तर देते: "डॉक्टरनं काय सांगतलं होतं, ध्यानात हाय का?" आता डॉक्टरही भांडणात आला. मी पाहिलेल्या घरांत एकच उपाय लागू पडलेला दिसतो: चहाच्या आधी पट्टी कॉटवर टाकायची. तिनं ती वाचली की साखर आपोआप बरोबर लागते.

आता हत्ती.

सिंदखेड राजा आमच्याच जिल्ह्यात. लखुजीराव जाधवांचं ठाणं. जिजाऊंचा जन्म तिथलाच, १२ जानेवारी १५९८चा. जाधवांची लेक भोसल्यांच्या घरी दिलेली, म्हणजे दोन्ही घराणी सोयरी आणि दोन्ही निजामशाहीतली मातब्बर. कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात एक हकिगत येते. दरबार सुटला होता, सरदार आपापल्या लवाजम्यासह बाहेर पडत होते, दाटी झाली होती. त्या दाटीत खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि समोर येईल त्याला तुडवत सुटला. लखुजींचे पुत्र दत्ताजी त्याला आवरायला पुढं झाले. भोसल्यांकडून शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी खंडागळ्यांच्या बाजूनं मधे पडले. हत्ती राहिला बाजूला आणि जाधव-भोसले एकमेकांवर तुटून पडले. दत्ताजी मारले गेले. मग लखुजींच्या हातून संभाजी गेले, शहाजीराजे जखमी झाले. सासरा आणि जावई हत्यारानिशी समोरासमोर आले. यात हसण्यासारखं काही नाही, आणि त्या दिवशी सासर-माहेरच्या मधोमध उभ्या असलेल्या लेकीला काय वाटलं असेल याची कल्पनाही करवत नाही.

मी ही हकिगत सांगतो ती एका तपशिलासाठी. तो हत्ती जाधवांचा नव्हता आणि भोसल्यांचाही नव्हता.

ही हकिगत वाचल्यापासून घरात आवाज चढले की मी आधी हत्ती कोणाचा ते पाहतो, आणि बहुतेक वेळा तो खंडागळ्यांचाच निघतो. मामाच्या पोरानं नवी गाडी घेतली, ही गोष्ट तिसऱ्याच्या घरातली. ती सांगते, "संतोषनं गाडी घेतली म्हने." हा म्हणतो, "त्याले जमलं." ती म्हणते, "म्हंजे? आपल्याले मी जमू देल्लं नाही का?" हा म्हणतो, "मी कुठं काय म्हनलं?" गाडी संतोषची, हप्ते संतोषचे, आणि रात्रभर पाठ फिरवून झोपणार हे दोघं. टीव्हीवर दोन पक्षांचे प्रवक्ते भांडतात. ते स्टुडिओतून बाहेर पडून एकत्र चहा घेत असतील, इकडं सोफ्याच्या दोन टोकांना दोन पक्ष तसेच बसून राहतात. नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी कोणाच्या वाढदिवसाला नुसता अंगठा टाकला आणि कोणी केकचं चित्र टाकलं, हाही खंडागळ्यांचाच हत्ती, फक्त खिशात मावणारा.

आणखी एक. हत्ती बिथरला तो दरबार चालू असताना बिथरला नाही, सुटल्यावर बिथरला. लग्नाच्या मंडपातही तसंच असतं. अक्षता पडेपर्यंत सगळे गोड. मंडप उठला, वऱ्हाड गाडीत बसायला लागलं, आहेराच्या पिशव्या मोजून झाल्या, पायात दुसऱ्याची चप्पल आली, की मग सोयरे एकमेकांवर जातात. जाणकार माणसं त्या अर्ध्या तासात पान खाऊन तोंड बंद ठेवतात.

हत्ती कोणाचा हे पाहायला डोकं ठिकाणावर लागतं, आणि ऐन वेळी तेच नसतं. वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी वर्षानुवर्षं जोडप्यांना समोरासमोर वाद घालायला बसवलं आणि त्यांच्या नाडीचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं बोलणं कानात शिरतं, पुढं जात नाही. एकदा वाद ऐन रंगात असताना त्यांनी यंत्र बिघडल्याची थाप मारली. दुरुस्ती होईपर्यंत वादाचा विषय काढू नका, ही मासिकं चाळा, असं सांगितलं. जोडपी निमूट मासिकं चाळत बसली. ठोके खाली आल्यावर पुन्हा बोलायला लावलं तर तीच माणसं शहाण्यासारखी बोलायला लागली. गॉटमन यांचं सांगणं तेव्हापासून असं की वाद तापला की किमान वीस मिनिटं थांबा.

आपल्याकडं यंत्र बिघडल्याची थाप मारावी लागत नाही. वीज जाते. मे महिन्यात रात्री लाइट गेली की पंखा दोनवर की चारवर हा प्रश्नच निकालात निघतो. नवरा-बायको उठून अंगणात खाट टाकतात आणि दोघं मिळून तिसऱ्याला बोल लावतात. संसारातलं एवढं ऐक्य दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी दिसत नाही. घराघरात इन्व्हर्टर आल्यापासून ही सोय गेली. इन्व्हर्टरनं संसाराचं किती नुकसान केलं याची कोणीतरी पाहणी केली पाहिजे.

गॉटमन यांचा दुसरा आकडा मला अधिक दिलासा देतो. त्यांच्या पाहणीत जोडप्यांच्या वादविषयांपैकी ६९ टक्के कायमचे निघाले. ते सुटत नाहीत, माणसं त्यांच्यासकट राहतात. म्हणजे एकाचा पंखा दोनवर आणि दुसऱ्याचा चारवर, हे साठीनंतरही तसंच चालणार. मग त्याचा निकाल आज रात्री साडेअकरालाच लागला पाहिजे, ही घाई कशासाठी?

थांबण्याचीही एक रीत आहे. वीस मिनिटं ओट्यावर बसून मनातल्या मनात मुद्दे पाठ करत राहिलं तर ते थांबणं नाही, ती तयारी आहे. शेंगा फोडाव्यात, जनावरांना कुटार टाकावं, मोटर बंद करून यावं. आणि न सांगता उठून जाऊ नये, कारण मग उठून जाण्यावरूनच नवा तंटा उभा राहतो. "जरा वावरात चक्कर मारून येतो, आल्यावर बोलू," असं सांगावं, आणि आल्यावर बोलावं. आमच्याकडचे पुरुष यातला पहिला अर्धा भाग उत्तम पाळतात.

उठून जाता येत नाही अशी जागा एकच, चारचाकी. बुलढाण्याहून मलकापूरकडं उतरताना राजूर घाट लागतो, खामगावकडं जाताना बोथ्याचा. ती म्हणते, "हळू." तो म्हणतो, "मले नको शिकवू." पुढच्या वळणापर्यंत तिच्या वडिलांचं गाडी चालवणं निघालेलं असतं. घाटात माझं मत सरळ आहे: जो चालवतो त्याला भांडणाचा अधिकार नाही आणि जी शेजारी बसते तिला 'हळू' म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरमधून २०१९ मध्ये निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून जास्त चालून डिसेंबरात या जंगलात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळं त्याची वाट नोंदली गेली. तो हद्द, शिकार आणि जोडीदारीण शोधत निघाला असावा असं जाणकारांचं मत पडलं. ज्ञानगंगेत शिकार मिळाली, वाघीण मिळाली नाही. त्या जंगलात तो एकटाच वाघ होता, आणि हद्दीवरून एकही तंटा झाल्याची नोंद माझ्या पाहण्यात नाही. तंटामुक्तीचा हाही एक मार्ग झाला. माणसाला तो परवडत नाही.

माझा स्वतःचा भरवसा भेंडवळच्या पद्धतीवर आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेर शेतात घट मांडतात. वाघ घराण्याची ही परंपरा तीनशे वर्षांहून जुनी सांगतात. गोल आखून त्यात अठरा धान्यं, मधे पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पापड, पुरी, करंजी असे पदार्थ, आणि पान-सुपारी म्हणजे राजा. रात्रभर तिथं कोणी फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला जाऊन काय हललं, काय भिजलं, काय तसंच राहिलं हे बघायचं आणि त्यावरून पाऊस, पीक आणि राजाची गादी यांचं भाकीत सांगायचं. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी या भाकितावर आक्षेप घेतलेले आहेत, आणि करंजीवरून पाऊस कळतो असं मलाही वाटत नाही. पण त्यातला रात्रीचा नियम मला पटतो. मांडायचं संध्याकाळी, वाचायचं सकाळी, मधल्या रात्री तिकडं पाऊल टाकायचं नाही.

राग उशाला घेऊन झोपू नये असं लग्नात सगळे सांगतात. मला हा सल्ला घातक वाटतो. त्याच्या पायी चांगली माणसं रात्री एक वाजेपर्यंत एकमेकांची समजूत घालत बसतात आणि दुपारपेक्षा जास्त तोडून बोलतात. रात्री दहानंतर निघालेला विषय मांडून ठेवावा आणि झोपावं. सकाळी नळ येऊन गेल्यावर, डबे भरून झाल्यावर, जाऊन बघावं. बहुतेक दाणे वाऱ्यानं उडालेले असतात. जो जागेवर राहिला तो विषय खरा, आणि त्यावर बसून बोललंच पाहिजे. बोलताना मधला माणूस हवाच असेल तर तो कागदावर आणता येतो. एली फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १२० जोडप्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्यांना दर चार महिन्यांनी सात मिनिटं एवढंच काम दिलं होतं: दोघांचंही भलं चिंतणारा तिसरा माणूस तुमच्या भांडणाकडं कसा बघेल ते लिहून काढा. वर्षाची झाली २१ मिनिटं. ज्यांनी लिहिलं त्यांच्या संसाराची घसरण थांबली, बाकीच्यांची चालू राहिली.

मी हा सगळा प्रकार अध्यक्षांना समजावून सांगितला. ते विचार करून म्हणाले, "अन् सकाळी तिनं तोच विषय काढला तं?"

म्हटलं, मग तो खरा विषय आहे, ऐकून घ्यायचा.

"मंग रातचंच बरं, भाऊ. रातच्याले मधात झोप तं येते."

एक गोष्ट मात्र यातून वेगळी काढतो. दारू पिऊन हात उचलणं, माहेरून पैसे आण म्हणून छळणं, यांना मी क्षुल्लक भांडण म्हणत नाही, आणि त्यासाठी कोणी वीस मिनिटं थांबू नये. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. आणि 'जरा दम धर' हे वाक्य आपल्याकडं पिढ्यान्पिढ्या एकट्या सुनेलाच ऐकावं लागलं आहे. दम धरायचा तर दोघांनी. नाही तर तो दम नव्हे, दडपण झालं.

राहता राहिली डाळ. घाटावरच्या आईबापांना माझी विनंती आहे की लेक घाटाखाली दिली असेल तर पुढच्या खेपेला लाडवांच्या डब्यासोबत आपल्या घरच्या पाण्याचा एक कॅन गाडीत टाका. तिच्या सासरी, त्यांच्याच कुकरमध्ये, त्यांचीच डाळ त्या पाण्यात लावा आणि जावयाला शिट्ट्या मोजायला बसवा. रोज घाटावरून पाणी नेणं कोणाला जमणार नाही, पण त्याची गरजही नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की जड पाण्यातही डाळ शिजते. खारपाणपट्ट्यातल्या सासवांना हे फार वर्षांपासून माहीत आहे. त्यांनी ते सुनेला पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.